दोन डिस्क, एक संच

संगणकाची हार्ड डिस्क कधी ना कधी बिघडणारच. मग प्रत्येक मजकूर एकाच वेळी दोन डिस्कांवर लिहिला तर? एक बिघडली तरी दुसरीवर काम चालू राहील. अशा जोडीला 'रेड-१' म्हणतात. 'रेड' हे नाव पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या अमेरिकेतील बर्कलेच्या तिघा शास्त्रज्ञांनी १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडले. एका महागड्या डिस्कऐवजी स्वस्त डिस्कांचा संच वापरावा, असे त्यांचे म्हणणे होते.

हा संच सांभाळण्यास वेगळे यंत्र लागतेच असे नाही. लिनक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टीम ते काम स्वतःच करू शकते. पण येथे एक कोडे उभे राहते. संच चालविणारी सिस्टीमच जुन्या डिस्कवर आहे. नवी डिस्क एकच आणली आहे. आता सिस्टीमलाच संचावर कसे न्यायचे?

जुन्या डिस्कला 'क' व नवीला 'ख' म्हणू. प्रथम महत्त्वाच्या फायलींची प्रत तिसऱ्याच ठिकाणी ठेवावी. पुढील क्रम असा :

१. दोघांचा संच बांधावा. पण त्यात फक्त 'ख' घ्यावी व दुसरी जागा रिकामी असल्याचे सांगावे. लिनक्सला असा अपुरा संच चालतो.

२. 'क'वरील सर्व फायली या संचावर उतरवाव्यात. सिस्टीमचे मूळ ठिकाण ज्या फायलीत नोंदलेले असते, तेथे संचाचा पत्ता लिहावा.

३. संगणक सुरू होताना प्रथम बूट लोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम चालतो. तो 'ख'वरही बसवावा. संच जोडणारा भाग सुरुवातीलाच स्मृतीत येईल, अशी तजवीज करावी. नाहीतर संच जोडलाच जाणार नाही आणि सिस्टीम सापडणार नाही.

४. संगणक 'ख'वरून सुरू करून सर्व ठीक आहे ना, हे पाहावे.

५. मगच 'क'ला रिकाम्या जागी घ्यावे.

पाचवी पायरी शेवटी का? कारण त्या क्षणी 'क'वरील जुना मजकूर पुसला जाऊ लागतो व 'ख'ची नक्कल तेथे उतरते. तोपर्यंत काही चुकले तर परतीची वाट मोकळी असते. नक्कल होण्यास वेळही लागतो. डिस्क १ टेराबाइटची व वेग सेकंदाला १०० मेगाबाइट असेल, तर १०,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ पावणेतीन तास! तेवढा वेळ संपूर्ण मजकूर एकट्या 'ख'वरच असतो. शेवटी 'क'वरही बूट लोडर नव्याने बसवावा. नाहीतर 'ख' बिघडल्यास मजकूर शाबूत असूनही संगणक सुरू होणार नाही.

आता तुम्हीच विचार करा : संच तयार आहे आणि तुमच्या हातून एक फाइल चुकून पुसली गेली. दुसऱ्या डिस्कवर ती मिळेल का? नाही! पुसण्याचा हुकूमही दोन्ही डिस्कांवर एकदमच बजावला जातो. म्हणूनच तिसऱ्या ठिकाणची ती प्रत संच झाल्यावरही टाकून देऊ नये. ती वेळोवेळी नवी करीत राहावी.