सपाट पाऊल आणि वृक्षासन

पाऊल ओले करून कोरड्या शहाबादी फरशीवर ठेवा व उचला. ठशात टाच आणि चवडा यांना जोडणारा अरुंद पट्टा फक्त बाहेरच्या कडेने उमटला, तर तुमच्या तळपायाला कमान आहे. आतली बाजूही भरून उमटली, तर पाऊल सपाट आहे.

२१ जूनला शाळेत योगासने होतात. त्यात असा विद्यार्थी वृक्षासन करताना डुगडुगला, की 'याचे पाय सपाट, याला जमायचे नाही' असे म्हणून त्याला मागे बसवले जाते. सैन्यभरतीत सपाट पाऊल हे नकाराचे एक कारण असते, हे त्याने ऐकलेले असतेच. पण भरतीचा निकष वेगळा आणि एका पायावर उभे राहणे वेगळे.

तुम्ही म्हणाल, सपाट पाऊल जमिनीला जास्त टेकते, मग तोल उलट चांगला राहायला हवा! तसे होत नाही. वस्तूच्या गुरुत्वमध्यातून खाली सोडलेला लंब तिच्या पायाच्या आत पडला पाहिजे, हे तुम्हांला ठाऊक आहे. हा पाया म्हणजे सर्वांत बाहेरच्या टेकलेल्या बिंदूंना जोडणारी आकृती. तिपाईच्या तीन पायांच्या मध्ये आणखी दहा पाय बसवले, तरी तिचा पाया तेवढाच राहतो.

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत फोर्कलिफ्ट चालवणारे कोणी घरी असतील, तर त्यांना विचारा. नेहमीच्या फोर्कलिफ्टला चाके चार असतात. पण मागचा आस मध्यावर एका खिळीवर झुलता असतो. म्हणून पुढची दोन चाके आणि ती खीळ यांचा त्रिकोण हाच तिचा पाया. आपल्या पावलाचेही तसेच आहे: टाच, अंगठ्याचे मूळ आणि करंगळीचे मूळ.

आता थोडे गणित करू. तुमची उंची १५० सें.मी. असेल, तर गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे ८४ सें.मी. वर असतो. चवड्याची रुंदी ८ सें.मी. धरली, तर मध्यापासून कडेपर्यंत ४ सें.मी. म्हणजे बाजूला तीन अंशांपेक्षाही कमी झुकलात, की लंब पायाबाहेर! सपाट पावलात घोटा बहुधा आत कलतो. त्यामुळे भार १ सें.मी. जरी आत सरकला, तरी त्या बाजूला जेमतेम दोन अंशांची सवड उरते. अडचण आहे ती एवढीच. शिवाय कोणीच पुतळ्यासारखा स्थिर नसतो. डोळे, अंतर्कर्ण आणि तळपायाची त्वचा यांच्याकडून खबर घेत घोट्याचे स्नायू सारखी दुरुस्ती करत असतात. डोळे मिटून वृक्षासन करून पाहा, म्हणजे पटेल! (भिंतीजवळच करा.)

१९३७ साली पुण्यात आलेले बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) आसनांसाठी भिंत, पट्टे, लाकडी ठोकळे यांची मदत घ्यायला शिकवत. मला ही रीत भौतिकीच्या दृष्टीने अगदी पटते. भिंतीला बोट टेकले की पाया रुंदावतो, आणि बोटाचा हलका स्पर्शही शरीर कुठे झुकते याची खबर मेंदूला देतो. प्रथम दोन्ही पायांवर उभे राहा. बोटे जमिनीवर ठेवूनच तळपायाचा मधला भाग किंचित वर ओढा. तिन्ही बिंदूंवर दाब जाणवला पाहिजे. मग दुसरा पाय उचलून त्याचा तळवा पोटरीवर टेकवा. मांडीपर्यंत नेण्याची घाई नको.

लहान मुलांचे पाऊल बहुधा सपाटच असते. कमान वाढत्या वयात तयार होते. राव आणि जोसेफ यांनी १९९२ साली भारतातील २३०० मुलांच्या पावलांचे ठसे अभ्यासून प्रसिद्ध केले. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट पावले ८.६ टक्के आढळली, तर अनवाणी मुलांत २.८ टक्के.

आणखी एक परीक्षा घ्या. चवड्यांवर उभे राहा आणि मित्राला मागून पाहायला सांगा. कमान दिसू लागली, तर पाऊल लवचीक आहे. सराव खुशाल करा. ती मुळीच दिसली नाही किंवा पाऊल दुखत असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.