सीमा : रेषा आणि काठ

इंग्रजीतील 'बाउंडरी' आणि 'बॉर्डर' हे दोन शब्द वरवर पाहता समानार्थी वाटतात. मराठीत दोहोंसाठी 'सीमा' हा एकच शब्द सर्रास योजला जातो. परंतु त्यांच्या अर्थांत जो भेद आहे तो भाषांतरकाराने दृष्टिआड केल्यास वाक्य शुद्ध राहूनही आशय निसटतो.

'बॉर्डर' या शब्दाचा मूळ अर्थ काठ किंवा कडा असा आहे. साडीच्या काठाला इंग्रजीत 'बॉर्डर'च म्हणतात. काठाला रुंदी असते. तो वस्त्राचाच एक भाग असतो. 'बाउंडरी' म्हणजे मात्र मर्यादा. तिला लांबी असते, रुंदी नसते.

चंडीगडला लागून असलेल्या पंजाबातील मुल्लानपूर या गावी हा भेद चांगला उमगतो. तेथील नव्या क्रिकेट मैदानावर २०२४ पासून आयपीएलचे सामने होऊ लागले. चेंडू कडेच्या दोरीला लागला की 'बाउंडरी' झाली असे म्हणतात. त्या जागी 'बॉर्डर' हा शब्द कोणी वापरणार नाही. मैदानाबाहेरचा इतिहासही हेच सांगतो. १९६६ मध्ये पंजाबची पुनर्रचना होऊन खरड तहसिलीचे तुकडे झाले. काही भाग हरियाणात गेला, काही चंडीगड या केंद्रशासित प्रदेशात आणि उरलेला पंजाबात राहिला. त्या वेळी नेमलेल्या आयोगाच्या नावात 'बाउंडरी' हाच शब्द होता. १९४७ मध्ये रॅडक्लिफ यांच्या आयोगाचे नावही तसेच होते. रेषा आखणे हेच या आयोगांचे काम होते. १७ ऑगस्ट १९४७ रोजी रॅडक्लिफ यांची रेषा जाहीर झाली आणि अमृतसर, गुरुदासपूर, फिरोजपूर हे 'बॉर्डर'चे जिल्हे झाले. तेथे शेते आहेत, बाजार आहेत, माणसे आहेत. ती राहतात ती काठावर. रेषेवर कोणालाच राहता येत नाही.

दोन राज्यांच्या संदर्भात मात्र इंग्रजीतही हे शब्द एकमेकांच्या जागी येतात. महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालाच्या शीर्षकात 'बाउंडरी' आहे, तर बेळगावविषयीच्या बातम्यांत बहुधा 'बॉर्डर' येतो. आपण दोन्हींना 'सीमाप्रश्न' म्हणतो. तरीही 'सीमाभाग' आणि 'सीमावासीय' हे शब्द घडवताना मराठी माणसाच्या मनात रेषा नव्हती; तेथे नांदणारी वस्ती होती. म्हणूनच ज्या वाक्यात 'बॉर्डर'वरील लोकांची व्यथा सांगितली आहे, तेथे नुसते 'सीमेवर' न लिहिता 'सीमाभागात' असे लिहावे. नाही तर त्या माणसांचे घर भाषांतरात हरवते.

'बाउंडरी'साठी आपला शब्दसंग्रह उणा नाही. दोन शेतांमधला तो बांध, गावाची ती शीव, पोलीस ठाण्याची किंवा नगरपालिकेची ती हद्द. यातूनच 'हद्दवाढ' आणि 'हद्दपार' हे शब्द आले. मुंबईतील 'शीव' या उपनगराच्या नावात जुन्या बेटाची कड अजून टिकून आहे. दसऱ्याच्या सीमोल्लंघनात आपण शीवच ओलांडतो. दोन देशांमधील प्रदेशासाठी 'सरहद्द' आहे. प्रस्तुत लेखकाने आरंभीच्या दिवसांत एका कथेतील शेताच्या 'बाउंडरी'ला 'सरहद्द' म्हटले होते. मुद्रिते वाचताना दोन भावांच्या भांडणात सैन्य उतरल्याचा भास झाला, तेव्हा तेथे निमूटपणे 'बांध' लिहिला.

यावरून एक साधा नियम हाती लागतो. हे शब्द समोर आले की प्रथम विचारावे : लेखक रेषेविषयी बोलतो आहे की तिच्या कडेच्या भूमीविषयी? रेषा असेल तर ती कशाची, हे पाहून बांध, शीव, हद्द किंवा सीमारेषा यांतून निवड करावी. भूमी असेल तर तेथील माणसे दिसतील असा शब्द योजावा. कोश प्रतिशब्द पुरवतो. निवडीची जबाबदारी भाषांतरकाराचीच असते.