पहिल्या दोन घासांत बोल

फास्ट फूडच्या दुकानात ट्रेमध्ये काही बिघडलेलं आलं, तर पहिल्या दोन घासांतच उठायचं. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण बाकीचं सगळं यावर उभं आहे. अर्ध्याहून जास्त बर्गर संपवून ‘पॅटी गार होती’ म्हणालीस, तर समोरचा माणूस कितीही सज्जन असला तरी त्याच्या मनात शंका येणारच. रिकामी खोकी घेऊन पैसे परत मागायला येणारी माणसंही त्याला भेटलेली असतात. उरलेला बर्गर हाच तुझा साक्षीदार. तो खाऊन टाकायचा नाही.

पोरी, तुझ्या मामाचं आयुष्य हॉटेलच्या गल्ल्यावर गेलंय. वडे, मिसळ, चहा आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी. त्यामुळे कोणती तक्रार भटारखान्यापर्यंत पोचते आणि कोणती गल्ल्यावरच विरते, हे मला नीट कळतं. तू पुण्यात नोकरीला लागलीस, मैत्रिणींबरोबर मॉलमध्ये जेवतेस, आणि परवा फोनवर म्हणालीस, “बर्गर गार होता, पण जाऊ दे मामा, कोण बोलणार!” ते ‘जाऊ दे’ मला लागलं. पैसे तू मोजलेस, भूक तुझी होती, आणि गप्प तूच बसलीस.

आमच्याकडे एक निवृत्त मास्तर यायचे. एके सकाळी त्यांनी वड्याचा एक तुकडा खाल्ला, बशी हातात घेतली आणि गल्ल्यापुढची गर्दी सरेपर्यंत बाजूला उभे राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, “आज सारणात मीठ राहिलंय, बघून घ्या.” मी एक वडा फोडून चाखला. ठार अळणी. लगेच कढईतला घाणा उतरवला, उरलेल्या सारणात मीठ घातलं, आणि त्यानंतर आलेल्या प्रत्येकाला चांगला वडा मिळाला. त्यांच्याआधी कितीतरी जणांनी तोच अळणी वडा गुपचूप खाल्ला होता. त्यातल्या एकानं जरी सांगितलं असतं, तरी मला त्या घाण्याआधीच कळलं असतं. गिऱ्हाईक बोललं नाही की दुकानदाराला वाटतं, सगळं ठीक चाललंय.

आता तू जातेस ती दुकानं वेगळी. तिथं गल्ल्यावर मालक नसतो. काउंटरवरचं पोर फक्त ऑर्डर घेतं आणि बिल काढतं. पॅटी तळणारा आत, बर्गर बांधणारा आणखी कोणी. झालेलं बिल रद्द करणं किंवा पैसे परत देणं बहुतेक ठिकाणी त्या पोराच्या हातात नसतं. ते शिफ्ट मॅनेजरच्या हातात. म्हणून त्या पोरावर आवाज चढवण्यात काहीच अर्थ नाही. ते तुझ्याच वयाचं, दिवसभर पायांवर उभं असलेलं लेकरू आहे. त्याला म्हणायचं, “दादा, ऑर्डरमध्ये जरा अडचण आहे, मॅनेजरना बोलावता का?” त्याला मराठी येत नसेल तर हिंदीत सांग. तक्रारीच्या वेळी भाषेचा वाद काढायचा नाही, मूळ गोष्ट बाजूला पडते. छातीवरच्या पट्टीवरचं नाव वाचून मोठ्यानं हाकही मारू नकोस. ती धमकीसारखी लागते. दादा, ताई पुरतं.

मॅनेजर आला की एका वाक्यात दोष आणि दुसऱ्या वाक्यात मागणी. “हा बर्गर आत्ताच घेतला, पॅटी मधे गार आहे. दुसरा गरम करून देता का?” एवढंच. ‘तुमच्याकडे नेहमी असंच असतं’ म्हणालीस की तो मागच्या सगळ्या दिवसांची बाजू मांडू लागतो आणि हातातला बर्गर तसाच राहतो. ‘क्वालिटी घसरलीय’ यानं आत कोणाला काही कळत नाही. ‘पाव कडेला कडक झालाय’ म्हटलं की बनवणारा तोच पाव हातात घेऊन बघतो. आणि जेवढं बिघडलं तेवढंच मागायचं. फ्राइज मऊ पडल्या तर फ्राइज बदलून घ्यायच्या, वर कोल्ड्रिंक मागायचं नाही. मोबाइल काढून त्या पोरांचं शूटिंग तर मुळीच करायचं नाही. कॅमेरा दिसला की समोरचा सावध होतो आणि मोकळेपणानं चूक मान्य करत नाही.

बोलण्याआधी मनाशी एक ठरव: हे बिघडलंय, की मला आवडलं नाही? पेरी-पेरी मसाला तिखट लागला, चीजची चव रुचली नाही, बर्गर फोटोतल्यापेक्षा बारका निघाला, ही बिघाडाची लक्षणं नव्हेत. तिथं मत सांगावं, बदलून मागू नये. गार, कच्चं, करपलेलं, शिळं, चुकीचं किंवा कमी आलेलं, हे मात्र हक्कानं सांगावं.

फ्राइजचं जरा समजून घे. तळल्यावर कवच कोरडं आणि आतला बटाटा ओला असतो. वेळ गेला की आतली ओल कवचात उतरते आणि फ्राइज लुळ्या पडतात. बंद पिशवीत वाफ कोंडली तर आणखी लवकर. म्हणून फ्राइजची तक्रार काउंटर सोडण्याआधीच करायची: ट्रे हातात आला की एक उचलून खायची. टेबलावर गप्पा मारून झाल्यावर मऊ पडलेल्या फ्राइजचा दोष दुकानाला देता येत नाही.

चिकनचं जास्त जपून. तळलेल्या तंगडीत हाडाजवळ लालसर दिसलं म्हणजे ते कच्चंच, असं नसतं. कोवळ्या कोंबडीच्या हाडातला रंग शिजतानाही बाहेर झिरपतो. पण मांस मधे गार असेल, रबरासारखं ताणत असेल, हाडाला चिकटून बसलं असेल, तर तो घास गिळायचा नाही. इथं आरोप करण्यापेक्षा विचारलेलं बरं: “हे आतून नीट शिजलंय का, जरा बघता का?” मॅनेजरनं स्वतः तोडून पाहिलं की पुढचं बोलावंच लागत नाही. कोंबडीच्या मांसाचा गाभा 75 अंश सेल्सिअसच्या आसपास तापायला लागतो, आणि गरम म्हणून ठेवलेलं अन्न 60 अंशांच्या खाली येता कामा नये. त्या धंद्यातल्या माणसांना हे शिकवलेलं असतं.

शाकाहारी मागितलं आणि मांसाहारी आलं, तर तो साध्या बदलाबदलीचा विषय राहत नाही. ज्याच्या घरात व्रत-नेम आहेत त्याला ते फार लागतं. आपल्याकडे शाकाहारीला हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका आणि मांसाहारीला तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण असतो. वेष्टनावर ते चिन्ह आधी बघायची सवय लाव. चूक झालीच तर पैसे परत माग आणि चूक लेखी नोंदवून घे. तिथंही आवाज चढवायची गरज नाही. तुझी बाजू मुळातच भक्कम आहे.

केस निघाला तर बदलून घेऊन विषय संपवावा. अळी, झुरळ, काच, आंबलेला वास असलं काही असेल तर मात्र नवा बर्गर घेऊन गप्प बसू नकोस, कारण तोच माल मागून येणाऱ्याच्या ट्रेमध्ये जाणार आहे. आधी फोटो, मग मॅनेजर. फोटो काढून होईपर्यंत ट्रे आत नेऊ द्यायचा नाही. बिलावर 14 आकडी एफएसएसएआय नंबर बघ. 1 जानेवारी 2022 पासून तो बिलावर छापणं बंधनकारक आहे. अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार करताना त्या नंबरावरून दुकान नेमकं सापडतं. पैशांचा प्रश्न अडला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 लाव, तिथं मराठीतही बोलता येतं. आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडं जायला 2 वर्षांची मुदत आहे; 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. एका बर्गरसाठी कोणी तिथवर जात नाही. पण अन्नातून विषबाधा होऊन दवाखान्यात राहायची वेळ आली, तर हे माहीत असलेलं बरं. तेव्हा डॉक्टरांचे कागद नीट लावून ठेव.

पार्सल घरी मागवलंस तर डबा उघडल्या उघडल्या फोटो काढायचा आणि अ‍ॅपमध्ये तिथल्या तिथं कळवायचं. दारात आलेल्या मुलाला बोलायचं नाही. त्यानं ते रांधलेलं नाही.

दुकानात नीट सांगूनही मॅनेजरनं मान हलवली, तर तिथं हुज्जत घालत बसू नकोस. “ठीक आहे, मी कंपनीला कळवते,” म्हणून निघ आणि त्याच दिवशी कंपनीच्या कस्टमर केअरला मेल कर. कोणतं दुकान, किती वाजता, बिल नंबर, काय बिघडलं होतं, मॅनेजर काय म्हणाला आणि तुला काय हवंय, पाच-सहा ओळींत बसतं. राग त्या मेलमध्ये नको, फोटो जोड. बिलाचाही फोटो घरी येण्याआधीच काढून ठेव. त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं थोड्याच दिवसांत उडतात, आणि नंबर दिसला नाही तर कंपनीला तुझी ऑर्डर शोधायला वेळ लागतो.