कारखान्यात तपासणीचा कॅमेरा बसवताना पैसा कुठे जातो?

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले. कोल्हापूरच्या या औद्योगिक वसाहतींत वाहन उद्योगासाठी कास्टिंग आणि मशिनिंगची कामे चालतात. इथून सुटलेला दोष गिऱ्हाइकाच्या असेंब्लीत सापडला, तर अख्खा लॉट परत येऊ शकतो. म्हणून चित्रीकरण वाचून दोष ओळखणारी आणि मशिन चालवणाऱ्या नियंत्रकाला (पीएलसी) इशारा देणारी यंत्रणा छोट्या उद्योजकालाही हवीशी वाटते. विक्रेते कॅमेऱ्यांची संख्या मोजून भाव सांगतात. खरा खर्च मात्र कॅमेऱ्याभोवतीच्या गोष्टींचा असतो.

आधी काम एकच ठरवा

हेल्मेट घातले का, मशिन किती वेळ बंद होते, एवढेच पाहायचे असेल तर साधा आयपी कॅमेरा पुरतो. तो साधारण तीन ते सहा हजारांत मिळतो. प्रेसवरच्या कामगाराच्या सुरक्षेसाठी मात्र केवळ कॅमेऱ्यावर विसंबू नका. तिथे गार्ड आणि हात आडवा येताच प्रेस थांबवणारे लाइट कर्टन हवेच.

कास्टिंगवरचा ब्लो होल किंवा चरा शोधायचा असेल तर गणित बदलते. पट्टा सेकंदाला अर्धा मीटर धावत असेल आणि शटर 1/50 सेकंद उघडे राहत असेल, तर चित्र 10 मिलिमीटर फरफटते. 1/1000 सेकंदाला ते अर्ध्या मिलिमीटरवर येते. शटर इतके जलद केले की उजेडही तितकाच वाढवावा लागतो. त्यासाठी ग्लोबल शटरचा (पूर्ण चित्र एकाच क्षणी टिपणारा) औद्योगिक कॅमेरा, लेन्स आणि जोरदार दिवे घ्यावे लागतात. कॅमेरा आणि लेन्स मिळून साधारण 40 हजारांपासून दीड लाखापर्यंत धरा.

कोटेशनमध्ये हे वेगवेगळे मागा

- प्रकाश आणि बांधणी: पत्र्यातून येणारे ऊन दिवसभर बदलते. झाकणी, दिवे आणि हादरे सोसणारा स्टँड यांत काटकसर केली, तर चांगले सॉफ्टवेअरही चुकते.
- संगणक: एनव्हिडियाचा जेटसन ओरिन नॅनो सुपर किट डिसेंबर 2024 मध्ये 249 डॉलरला जाहीर झाला. धूळ आणि उष्णता सोसणारी औद्योगिक पेटी त्याहून महाग पडते.
- सॉफ्टवेअर: ‘फुकट’ म्हटलेल्या साधनांचा परवाना तपासा. अल्ट्रालिटिक्सचे योलो हे चित्रातल्या वस्तू ओळखणारे साधन एजीपीएल या मुक्त परवान्यात येते. स्वतःचे प्रोग्रॅम उघडे करायचे नसतील तर व्यावसायिक परवाना विकत घ्यावा लागतो.
- नमुने: दोष असलेले आणि चांगले भाग वेगळे करून त्यांवर खुणा कोण करणार, नवीन भाग आल्यावर पुन्हा शिकवण्याचे किती पैसे, हे लिहून घ्या.
- साठवण: 4 एमबीपीएसचा एक कॅमेरा दिवसाला सुमारे 43 जीबी आणि महिन्याला 1.3 टीबी जागा खातो. आठ कॅमेऱ्यांना महिन्याला सुमारे 10.4 टीबी लागतील. फक्त दोषाच्या क्लिपा ठेवल्या तर हा खर्च खूप उतरतो.
- वार्षिक देखभाल करार (एएमसी): लेन्स पुसणे, दिवे बदलणे, सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणे यांचा वार्षिक दर आधीच ठरवा.

या सगळ्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. नियमित जीएसटी भरणाऱ्या उत्पादकाला त्याचे इनपुट क्रेडिट मिळते, कंपोझिशन योजनेतल्याला मिळत नाही. तुलना त्याप्रमाणे करा. सीसीटीव्ही कॅमेरे घेताना 9 एप्रिल 2025 पासून बंधनकारक झालेले सुरक्षा प्रमाणपत्रही पाहा.

‘99 टक्के अचूक’ म्हणजे किती?

दिवसाला 10,000 भाग निघतात आणि चांगल्या भागांतले एक टक्का चुकून बाजूला पडतात, असे समजा. म्हणजे रोज सुमारे 100 चांगले भाग फेरतपासणीला जातील. प्रत्येकाला 30 सेकंद लागले, तर एका माणसाची 50 मिनिटे गेली. म्हणून विक्रेत्याला दोन आकडे वेगळे विचारा: सुटलेले दोषी भाग किती आणि अडवलेले चांगले भाग किती. हे आकडे त्याच्या नमुन्यांवरचे नकोत. तुमच्या भागांवर, तुमच्या धुळीत, रात्रपाळीसह काढलेले हवेत.

खरेदीआधी पुण्याच्या सी4आय4 लॅबसारख्या, केंद्र सरकारच्या ‘समर्थ उद्योग’ योजनेतल्या केंद्राशी बोला. चाचणी एकाच लाइनवर घ्या. दोन्ही आकडे करारात लिहा आणि ते गाठेपर्यंत शेवटचा हप्ता हातात ठेवा.