हिवाळा हुआ हिनला, कर पुण्याला

निवृत्तीनंतर परदेशात राहावं का, हा विषय आता आमच्या ओळखीच्या घरांत सर्रास निघतो. विचारणारे आधी घरभाडं विचारतात, मग भाजीपाला, मग हवा. व्हिसा आणि कर यांचा नंबर शेवटी लागतो. खरं तर सुरुवात तिथून व्हायला हवी.

आम्ही दोघं नवरा-बायको बँकेतून निवृत्त झालो. थंडीचे महिने आता आम्ही थायलंडमधल्या हुआ हिनला काढतो. बँकॉकच्या दक्षिणेला, मोटारीनं तीनेक तासांवर असलेलं हे समुद्रकाठचं शहर आहे. ते पक्कं करण्याआधी मलेशिया, दुबई आणि पोर्तुगालचेही नियम नीट पाहिले होते. त्यातून झालेलं माझं मत स्पष्ट आहे : ज्याचं पेन्शन, ठेवी आणि घर भारतात आहे, त्यानं करापुरतं भारताचा निवासीच राहावं आणि परदेशात वर्षाचा काही भाग राहावं. का, ते सांगते.

१. व्हिसा आणि कर यांचा हिशेब वेगळा असतो.
पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला थायलंड निवृत्तीचा व्हिसा देतं. तिथल्या बँकेत ८ लाख बाथ ठेवायचे किंवा महिना ६५ हजार बाथांचं उत्पन्न दाखवायचं. हा झाला राहण्याचा परवाना. कर खातं मात्र दिवस मोजतं. जानेवारी ते डिसेंबर या वर्षात एकूण १८० दिवस थायलंडमध्ये काढले की तुम्ही करापुरते तिथले निवासी, मग व्हिसा कोणताही असो. व्हिसा काढून देणारा एजंट कराबद्दल बोलत नाही, कारण ते त्याचं काम नाही. करासाठी सनदी लेखापालाकडे वेगळं जा आणि व्हिसाचे कागद त्याच्यासमोर ठेवा.

२. भारताचं निवासीपण सहज सोडू नका.
आपल्याकडे अनिवासी या शब्दाला अजून वलय आहे. पेन्शनरानं मात्र आकडेमोड करावी. नव्या करप्रणालीत पेन्शन आणि व्याज मिळून करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असलं, तर निवासी माणसाला करसवलतीमुळे काहीच भरावं लागत नाही. ही सवलत अनिवासीला नाही. तेवढ्याच १२ लाखांवर त्याला उपकरासह ६२,४०० रुपये भरावे लागतात, तेही दरवर्षी.

एवढ्यावर भागत नाही. अनिवासी झाल्यावर साधी बचत आणि ठेव खाती एनआरओ, म्हणजे अनिवासींची, करावी लागतात आणि त्यांच्या व्याजातून ३० टक्के कर, वर उपकर, आधीच कापला जातो. करकपात होऊ नये म्हणून ज्येष्ठ नागरिक जो अर्ज देतात, आपला जुना १५-एच, तो देता येत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवं खातं उघडता येत नाही. पुण्यातला फ्लॅट भाड्यानं दिला असेल, तर भाडेकरूला दर महिन्याच्या भाड्यातून ३१.२ टक्के कर कापून सरकारकडे भरावा लागतो. एवढी उठाठेव करणारा भाडेकरू सहजासहजी मिळत नाही.

३. दोन्ही देशांची वर्षं एकाच कागदावर मांडा.
आपलं करवर्ष एप्रिल ते मार्च, थायलंडचं जानेवारी ते डिसेंबर. भारतात एका आर्थिक वर्षात १८२ दिवस राहिलं की निवासीपण पक्कं. आम्ही नोव्हेंबरच्या सुरुवातीला निघतो आणि मार्चअखेर परततो. अशा मुक्कामात दोन्ही देशांच्या मोजणीत थायलंडचे दिवस दीडशेच्या आसपास येतात, म्हणजे तिथल्या १८० च्या बरेच आत. पासपोर्टवरचे येण्या-जाण्याचे शिक्के आणि विमानाची तिकिटं एका फाइलमध्ये ठेवते. उद्या कोणी विचारलं, तर पुरावा हाच.

ज्यांना कायमचंच जायचं आहे, त्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. नोकरीसाठी देश सोडणाऱ्याला त्या वर्षी १८२ दिवसांची सवलत मिळते, निवृत्त होऊन जाणाऱ्याला नाही. आधीच्या चार वर्षांत भारतात ३६५ दिवस झालेले असतील, आणि आपल्यासारख्यांचे ते असतातच, तर निघण्याच्या वर्षात ६० दिवस झाले तरी तो निवासीच. ऑगस्टमध्ये निघालात, तरी ते आख्खं वर्ष तुम्ही भारताचे निवासी.

४. पैसे पाठवण्याआधी टीसीएस आणि विवरणपत्र दोन्ही समजून घ्या.
रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली निवासी माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. पण परदेशातल्या ठेवीसारख्या कामासाठी १० लाख रुपयांपुढच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेते. व्हिसाच्या ठेवीसाठी २२ लाख पाठवले, तर २ लाख ४० हजार वेगळे काढून ठेवावे लागतात. विवरणपत्र भरलं की ते वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोवर अडकतात. मार्चमध्ये थोडे आणि एप्रिलमध्ये थोडे पाठवले, तर दोन आर्थिक वर्षांच्या दोन मर्यादा वापरता येतात.

आणि परदेशातलं बँक खातं विवरणपत्रात दाखवणं निवासी माणसावर बंधनकारक आहे. सोपं आयटीआर-१ चालत नाही. परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात खात्याचा तपशील द्यावा लागतो, व्याज शून्य असलं तरी. तो न दिल्यास काळा पैसा कायद्याखालचा दंड १० लाख रुपयांचा आहे. स्थावर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला आता त्या दंडातून सूट आहे, पण वर धरलेली २२ लाखांची ठेव ही मर्यादा ओलांडते. म्हणून रक्कम काहीही असो, तक्ता भराच.

५. निवृत्तीचा व्हिसा दरवर्षी नव्यानं मिळवावा लागतो.
इमिग्रेशन कार्यालयातली सकाळ कशी असते, ते सांगते. हातात मुदतवाढीचा अर्ज, फोटो, १,९०० बाथ शुल्क. पासबुक त्याच सकाळी मशीनवर भरून आणलेलं, सोबत ठेवीबद्दल बँकेचं ताजं पत्र. पासपोर्टच्या पानांच्या झेरॉक्स, आणि प्रत्येक झेरॉक्सवर सही. घराचा हातानं काढलेला नकाशा, जवळच्या देवळाची खूण दाखवून. काउंटरवरची बाई शांतपणे एकेक पान उलटते आणि राहिलेल्या सहीच्या जागी बोट ठेवते. कागद जुळले की काम होतं, आवाज चढवून होत नाही.

ठेवीलाही शिस्त आहे. मुदतवाढीच्या अर्जाआधी दोन महिने आणि नंतर तीन महिने पूर्ण ८ लाख खात्यात हवेत, त्यानंतरही ४ लाखांच्या खाली जाता येत नाही. म्हणजे हा पैसा अडीअडचणीचा धरू नका. सलग ९० दिवस राहिलात की पत्त्याची नोंद द्यायची. मुदतीच्या मध्येच देश सोडताना पुनर्प्रवेशाचा परवाना काढायचा. तो राहिला तर वर्षभराची मुदत तिथेच संपते. आमच्यासारख्या ये-जा करणाऱ्यांसाठी हा सगळ्यात महत्त्वाचा कागद आहे.

६. आजचा नियम जन्मभराचा समजू नका.
मलेशियाची ‘माय सेकंड होम’ योजना २००२ पासूनची. २०२१ मध्ये उत्पन्नाची अट महिना १० हजार रिंगिटवरून एकदम ४० हजारांवर नेली. २०२४ मध्ये तिच्या श्रेणी केल्या. त्यातल्या सिल्व्हर श्रेणीलाही दीड लाख डॉलरची ठेव आणि वर घरखरेदी लागते. पोर्तुगालनं नव्यानं येणाऱ्यांसाठी २००९ मध्ये करसवलत आणली, तिच्या जोरावर युरोपातले कितीतरी पेन्शनर तिथे गेले. २०२० मध्ये परदेशी पेन्शनवर १० टक्के कर आला आणि २०२४ पासून ती योजना नव्या अर्जदारांसाठी बंद झाली. थायलंडनंही १ जानेवारी २०२४ पासून पवित्रा बदलला. त्या तारखेनंतर कमावलेलं परदेशी उत्पन्न निवासी माणसानं कुठल्याही वर्षी देशात आणलं, तरी ते करपात्र झालं. आधी कमावल्याच्या वर्षीच आणलं तर कर होता.

त्या त्या सरकारला आपापल्या गरजेप्रमाणे नियम बदलण्याचा अधिकार आहे. आपण परत येण्याची सोय शाबूत ठेवावी. पुण्यातलं घर विकून परदेशात जाऊ नका.

७. करमुक्त देशात गेलं म्हणून भारतातला कर सुटत नाही.
दुबईत व्यक्तीच्या उत्पन्नावर कर नाही आणि पंचावन्न वर्षांवरच्यांना पाच वर्षांचा निवृत्ती व्हिसाही मिळतो. पण तुमचं पेन्शन, भाडं आणि ठेवीचं व्याज भारतात उगम पावतं, म्हणून तुम्ही कुठेही राहिलात तरी भारत त्यावर कर घेतो. ज्याचं सगळं उत्पन्न भारतातलं, त्याला दुबईच्या शून्याचा उपयोग नाही आणि दुबईचं घरभाडं मात्र भरावं लागतं. दुहेरी करआकारणीचे करार मदतीला येतात. बहुतेक करारांत सरकारी सेवेच्या पेन्शनवरचा हक्क देणाऱ्या देशाकडेच असतो, खासगी पेन्शनचे नियम करारागणिक बदलतात. तुम्ही निवडलेल्या देशाशी भारताच्या असलेल्या करारातलं पेन्शनचं कलम स्वतः वाचा.

८. भारतातला आरोग्यविमा एक दिवसही खंडू देऊ नका.
आपले नेहमीचे मेडिक्लेम परदेशातल्या उपचारांचे पैसे देत नाहीत. थायलंडची खासगी रुग्णालयं उत्तम आहेत आणि बिलंही तशीच. सत्तरीनंतर तिथे नवा विमा मिळणं कठीण आणि महाग, म्हणून मुक्कामापुरता वेगळा विमा लागतोच. पण त्याच्या भरवशावर इथली पॉलिसी बंद पडू दिली, तर परतल्यावर नवी घेताना जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्या वयात तीन वर्षं फार मोठी असतात.

९. भारतातला मोबाइल नंबर चालू ठेवा.
बँक, आयकर, आधार, सगळ्यांचा ओटीपी त्याच नंबरावर येतो. निघण्याआधी रोमिंगवर एसएमएस येतात ना, हे तपासा. नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला लक्षात ठेवा. तो भारतीय दूतावासातूनही देता येतो. सोसायटीच्या आणि बँकेच्या कामांसाठी विश्वासू माणसाला मर्यादित अधिकारांचं मुखत्यारपत्र द्या, आणि ते पुण्यात असतानाच करा.

१०. दोघांपैकी एक मागे राहिला तर काय, हे आधी लिहून काढा.
हा धडा शेवटी ठेवला आहे, पण तो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. जोडप्यांत बहुधा एकाच्या नावावर व्हिसा असतो आणि दुसरा त्याचा अवलंबित. थायलंडमधली व्हिसाची ठेव अर्जदाराच्या एकट्याच्या नावावर ठेवतात. तो गेला की बँक खातं गोठवते आणि न्यायालयानं व्यवस्थापक नेमेपर्यंत पैसे निघत नाहीत. अवलंबिताचा राहण्याचा आधारही त्याच्याबरोबर जातो. ज्या बाईनं आयुष्यभर सगळे कागद नवऱ्यावर सोपवले, तिच्यावर ही वेळ परक्या देशात, परक्या भाषेत येते.

म्हणून शक्य असेल तर दोघांनी स्वतंत्र व्हिसा घ्यावा, दोघांच्या नावावर वेगवेगळं खातं असावं आणि तिथल्या मालमत्तेसाठी तिथल्या कायद्याप्रमाणे वेगळं मृत्युपत्र करावं. घर विकत न घेता भाड्यानं घ्यावं. तिथे परदेशी माणसाला जमीन मिळत नाही, फ्लॅट मिळतो, पण तो मागे राहिलेल्याच्या गळ्यात पडतो. घरातल्या प्रत्येक बाईला माझं कळकळीचं सांगणं आहे : मुदतवाढीचा अर्ज एकदा तरी स्वतःच्या हातानं भरा, आयकर विवरणपत्रातला परदेशी खात्याचा तक्ता स्वतः वाचा. हे दोन कागद दोघांनाही भरता येत असतील, तर खुशाल जा.