डेटाशीट वाचता येणाऱ्याला काम आहे

बारावीचा निकाल लागला की निपाणी, चिकोडी, बेळगावच्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. कॉम्प्युटर सायन्स मिळालं नाही, ई अँड सी (इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन) मिळतंय, घ्यावं का? या प्रश्नामागची भीती खरी आहे. तंबाखूच्या नाहीतर उसाच्या पैशातून चार वर्षं फी भरायची आणि शेवटी पोरगं घरी बसलं तर काय? म्हणून आज एका कामाची नीट ओळख करून देतो. कॉलेजच्या जाहिरातीत ते कधी दिसत नाही. पण ई अँड सीच्या मुलामुलींना ते कॉम्प्युटरवाल्यांइतकंच, कधीकधी त्यांच्याहून चांगलं जमतं.

मोटारीतल्या स्क्रीनपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे प्रोसेसर असतो आणि त्याला एका व्होल्टेजवर भागत नाही. गाभ्याला ०.८ व्होल्टच्या आसपास, मेमरीला १.१, बाहेरच्या जोडण्यांना १.८ किंवा ३.३ लागतात, तेही ठरलेल्या क्रमाने. हे सांभाळायला वेगळी चिप असते. तिला पॉवर मॅनेजमेंट आयसी म्हणतात, इंजिनिअर मंडळी नुसतं ‘पीमिक’ म्हणतात. तिला हुकूम देणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर, आणि लिनक्समध्ये तो कर्नेलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, आत राहतो. असे ड्रायव्हर लिहिणं आणि तपासणं, हेच ते काम.

२०२४ मध्ये एल अँड टी टेक्नॉलॉजी सर्व्हिसेसच्या इंजिनिअरांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीएस-६५२२४ या पीमिकसाठी लिनक्स कर्नेलमध्ये आधार जोडला. ही चिप आधीच्या टीपीएस-६५९४ ची धाकटी बहीण. थोरलीत ५ बक कन्व्हर्टर आणि ४ एलडीओ (दोन्ही हवं ते व्होल्टेज तयार करणारे रेग्युलेटर), धाकटीत ४ आणि ३. त्यामुळे नवा ड्रायव्हर न लिहिता जुनाच वाढवला गेला. हे काम कर्नेलमध्ये जाण्याआधी त्याचा उघड, लेखी रिव्ह्यू झाला. रेग्युलेटरच्या विभागाची जबाबदारी मार्क ब्राउन यांच्याकडे असते, एकाच चिपमध्ये अनेक कामं असलेल्या उपकरणांचा विभाग ली जोन्स पाहतात. त्यांच्या शंका, त्यावरची उत्तरं, मग सुधारलेला कोड, अशा फेऱ्या झाल्यावरच तो स्वीकारला गेला. ही सगळी चर्चा आजही कुणालाही फुकट वाचता येते.

रिव्ह्यू करताना नेमकं काय तपासतात? थोरल्या चिपचं उदाहरण घेऊ. तिच्या बक कन्व्हर्टरला ० ते २५५ मधला एक आकडा पाठवायचा, त्यावरून ती व्होल्टेज ठरवते. पण पायऱ्या सारख्या नाहीत. ०.३ पासून ०.५८ व्होल्टपर्यंत पायरी २० मिलिव्होल्टची, ०.६ पासून ५ ची, १.१ पासून १० ची, आणि १.६६ पासून ३.३४ पर्यंत पुन्हा २० ची. आता समजा, लिहिणाऱ्याने सुरुवातीची २० मिलिव्होल्टची पायरी शेवटपर्यंत लागू आहे असं धरलं. प्रोसेसरला हवेत ०.८ व्होल्ट. त्याच्या हिशेबाने आकडा येतो २५. चिप मात्र २५ चा अर्थ ०.६५ व्होल्ट असा लावते, कारण १५ व्या आकड्यापासून पायरी ५ ची झालेली असते. बरोबर आकडा होता ५५. कोड बिनतक्रार कंपाइल होईल आणि बोर्ड अधूनमधून बंद पडत राहील. अशी चूक डेटाशीटचं, म्हणजे चिपच्या तांत्रिक माहितीपत्रकाचं, पान शेजारी उघडं ठेवून वाचणाऱ्यालाच सापडते. त्याला लागणारं गणित सातवीतलं आहे, लागतो तो धीर.

या तपासणीची दुसरी बाजू डिव्हाइस ट्रीची. कुठल्या बोर्डावर कुठली चिप कुठे जोडली आहे हे पूर्वी एआरएम प्रोसेसरच्या प्रत्येक बोर्डासाठी कर्नेलमध्ये वेगळा सी कोड लिहून सांगत. त्याचा इतका पसारा झाला की २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. मग पॉवरपीसीवर आधीपासून रुळलेली डिव्हाइस ट्रीची पद्धत एआरएमने उचलली. शेतकऱ्याच्या घरात हे समजायला सोपं आहे. डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डाचा उतारा. कुठला सर्व्हे नंबर, किती क्षेत्र, विहीर आहे की नाही एवढंच उताऱ्यात असतं, नांगरट कशी करायची ते नसतं. डिव्हाइस ट्रीमध्येही फक्त हार्डवेअर जसं आहे तसं लिहायचं. ड्रायव्हरच्या सोयीसाठी एखादी ओळ घुसवली की रिव्ह्यू करणारे ती हटकून अडवतात, आणि ते योग्यच करतात. ड्रायव्हर उद्या बदलेल, बोर्ड मात्र दहा वर्षं तेच राहील.

सरावाला महागडी लॅब लागत नाही. बीगलबोन ब्लॅक हे २०१३ पासून मिळणारं बोर्ड घ्या. त्याचा सर्किट आराखडा खुला आहे, त्यावरच्या टीपीएस-६५२१७ या पीमिकची डेटाशीट खुली आहे, आणि त्याची डिव्हाइस ट्री कर्नेलमध्येच आहे. तिथे व्हीडीडी-कोअर या पुरवठ्याला किमान ९,२५,००० आणि कमाल ११,५०,००० मायक्रोव्होल्ट अशी मर्यादा घातलेली दिसेल. ती कुठून आली, ते प्रोसेसरच्या डेटाशीटमध्ये शोधा. पीमिकचा आयटूसी पत्ता हेक्समध्ये २४ आहे, तो पीमिकच्या डेटाशीटशी ताडून पाहा. बोर्ड विकत घेणं जमत नसेल तरी ही सगळी कागदपत्रं वाचता येतात, आणि अर्धं शिक्षण त्यातच होतं. असा एक ड्रायव्हर ओळीओळीने समजून घेतलेली मुलगी मुलाखतीत, ‘मी हे पान तपासलं, इथे मला शंका आली’, असं सांगू शकते. एम्बेडेड सिस्टिम्सच्या पेपरातल्या मार्कांपेक्षा मला हे कितीतरी मोलाचं वाटतं.

मराठी माध्यमातली मुलं इंग्रजीला बिचकतात. पण रिव्ह्यूतलं इंग्रजी म्हणजे छोटी, थेट वाक्यं: काय बदललं, का बदललं, कुठल्या बोर्डावर तपासलं. सीमाभागातलं मूल घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलतं, शाळेत आणखी दोन भाषा शिकतं. त्याला हे महिन्या-दोन महिन्यांत जमेल. नम्रपणे प्रश्न विचारणं आणि चूक दाखवल्यावर न रुसता दुरुस्ती करणं, याला मात्र जास्त वेळ लागतो.

पालकांनो, हा रस्ता झटपट नाही. सी भाषा, डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स, ऑपरेटिंग सिस्टिम पक्की व्हायला दोन-अडीच वर्षं जातात. तोवर शेजारच्या मुलाचं पॅकेज ऐकून पोराला टोचू नका. काम आहे ते बेंगळुरूत, जिथे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स १९८५ पासून आहे, आणि पुण्यात, जिथे केपीआयटीसारख्या कंपन्या मोटारींचं सॉफ्टवेअर करतात. निपाणी तर या दोन शहरांना जोडणाऱ्या हायवेवरच आहे. पदवीनंतर काही कमी वाटलं तर पुण्याच्या सी-डॅकचा एम्बेडेड सिस्टिम्सचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. त्याला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या अनेक घरांना अजून माहीत नसते. महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशप्रक्रियेत वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या, मराठी मातृभाषा असलेल्या उमेदवारांसाठी ‘ई’ हा वेगळा प्रकार असतो. म्हणजे कर्नाटकच्या केसीईटीतून बेळगाव-निपाणीची कॉलेजं आणि एमएचटी-सीईटीतून कोल्हापूर, सांगली, पुण्याची, असे दोन्ही दरवाजे उघडे राहतात. आपलं गाव यादीत आहे का ते पाहा, त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचा, आणि रहिवासाचा व मातृभाषेचा दाखला बारावीचं वर्ष सुरू असतानाच काढून ठेवा.