पीएफएक्स फाइलमधून सर्टिफिकेट आणि प्रायव्हेट की कशी वाचायची? (जावा)

बिलाच्या पीडीएफवर डिजिटल सही करायची, तर आधी कोडला सहीची की सापडली पाहिजे. आज तेवढंच बघू.

माझ्या एका क्लायंटकडे ऐन महिनाअखेरीला सही होणं बंद पडलं. सर्टिफिकेट नुकतंच नवं घेतलेलं, पासवर्ड बरोबर, फाइल जागेवर. दोन तास गेले. चूक निघाली एका ओळीत, आणि ती ओळ माझीच होती! ती कोणती, ते खाली कळेल.

कीस्टोअर म्हणजे कप्प्यांची तिजोरी. प्रत्येक कप्प्यावर नावाची चिठ्ठी असते, तिला अलियस म्हणतात. काही कप्प्यांत प्रायव्हेट की आणि तिचं सर्टिफिकेट असतं, काहींत नुसतं सर्टिफिकेट. पीएफएक्स आणि पी१२ या एकाच प्रकारच्या फाइल्स. प्रकाराचं नाव पीकेसीएस१२. जावा ९ पासून हाच डीफॉल्ट आहे, त्याआधी जेकेएस होता.

आता पायऱ्या:

१. 'कीस्टोअर'चा ऑब्जेक्ट घ्या, प्रकार पीकेसीएस१२ द्या.

२. 'लोड'ला फाइल आणि पासवर्ड द्या. पासवर्ड स्ट्रिंग नाही, कॅरेक्टर अ‍ॅरे लागतो; काम झाल्यावर तो पुसता येतो.

३. 'अलियसेस'वर लूप फिरवा आणि प्रत्येक नावाला 'इज की एन्ट्री' विचारा. उत्तर ट्रू आलं, तर की त्याच कप्प्यात आहे.

४. त्या अलियसवरून 'गेट की'ने की घ्या. 'गेट सर्टिफिकेट चेन'ने साखळी घ्या. त्यात पहिलं सर्टिफिकेट तुमचं, पुढची ते देणाऱ्यांची.

५. 'चेक व्हॅलिडिटी' चालवा. मुदत संपली असेल तर इथेच कळेल.

माझी चूक तिसऱ्या पायरीत होती. लूप न लावता मी जुन्या फाइलमधलं अलियस कोडमध्ये लिहून ठेवलं होतं. नव्या फाइलमध्ये नाव वेगळं आलं. आणि गंमत बघा, अलियस सापडलं नाही तर 'गेट की' एरर देत नाही, गुपचूप नल देते. एरर येते पुढे, सही करताना. म्हणून आपण भलतीकडेच शोधत बसतो. नल आला की तिथेच थांबा आणि स्पष्ट मेसेज द्या.

तुमची डीएससी यूएसबी टोकनवर असेल, तर फाइल नसते आणि की टोकनच्या बाहेर येत नाही. तिथे पीकेसीएस११ प्रोव्हायडर लागतो. पण अलियसचा लूप तोच.

शेवटचं आणि महत्त्वाचं: पासवर्ड कोडमध्ये लिहू नका, फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. दोन्ही ज्याच्या हाती, तो तुमच्या नावाने सही करू शकतो.

गृहपाठ: तुमच्या फाइलमधली सगळी अलियस आणि प्रत्येक सर्टिफिकेटची शेवटची तारीख प्रिंट करा. अडलं तर कमेंटमध्ये विचारा, पण पासवर्ड तिथे टाकू नका हं!